शिशाच्या पेट्रोलचा जनक : थॉमस मिजली

प्रतिनिधी, चंद्रपूर

देशभर शिसेविरहित पेट्रोलची सक्ती झाली ती १ फेब्रुवारी २००० पासून. चार महानगरांत नव्या मोटारींसाठी ते एप्रिल १९९५ मध्येच मिळू लागले होते. वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या दुचाकीस्वारांच्या टाकीत मात्र त्यानंतरही काही काळ शिसे पडतच राहिले. चंद्रपूरकरांना प्रदूषण नवे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत हे शहर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. पण कोळशाची धूळ डोळ्यांना दिसते, धुरातून येणारे शिसे दिसत नाही. हे शिसे पेट्रोलमध्ये आणणारे अमेरिकी अभियंते थॉमस मिजली यांचे निधन आपल्याकडील बंदीच्या ५५ वर्षे आधीच झाले होते.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९१६ मध्ये ते ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. मोटारीचा विजेवर चालणारा स्टार्टर ही केटरिंग यांची देणगी. इंजिन चढावर किंवा ओझ्याखाली ठोके का देते, हे शोधण्याचे काम त्यांनी मिजली यांच्याकडे सोपविले.

सिलिंडरमधील हवा व पेट्रोलचे मिश्रण ठिणगीपासून क्रमाक्रमाने जळत जावे, अशी अपेक्षा असते. दाब वाढला की उरलेला भाग ज्योत पोचण्यापूर्वीच एकदम पेटतो आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. थंडी सरण्यापूर्वीच फुलणाऱ्या एका वनस्पतीची पाने लालसर असतात. तो रंग उष्णता शोषून घेत असावा, तेव्हा इंधन लाल केले तर तेही लवकर वाफाळेल, असा तर्क केटरिंग व मिजली यांनी लढविला. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन घातले आणि ठोके थांबले! पुढे खरे रंग वापरून पाहिले, तर काहीच उपयोग होईना. तर्क साफ चुकीचा होता, पण त्यातून वाट सापडली.

आयोडीन महाग पडे आणि धातूही खाई. मग अनेक पदार्थ तपासले गेले. टेल्युरियमचा लसणासारखा दर्प तर अंगाला चिकटून राही. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात घातले गेले. हजार भाग पेट्रोलला जेमतेम एक भाग पुरेसा ठरला.

मद्यार्कानेही ठोके थांबतात, हे मिजली यांना तेव्हाच ठाऊक होते. त्यांनी स्वतः मद्यार्कमिश्रित इंधनावर मोटार चालवून दाखविली होती. पण मद्यार्क कोणालाही गाळता येतो. मोहफुलांच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको. शिशाच्या मिश्रणाचे पेटंट घेता येत होते आणि प्रत्येक गॅलनमागे नफा मिळणार होता. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये त्याची विक्री सुरू झाली. नाव ठेवले ‘इथिल’. शिशाचा उल्लेख त्यातून सोयीस्करपणे वगळला गेला.

त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी होते आणि हवापालटासाठी फ्लोरिडाला गेले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यूजर्सीतील बेवे येथील कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागले. त्यांतील पाच दगावले, तीसहून अधिक रुग्णालयात गेले. ३० ऑक्टोबरला मिजली यांनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातांवर ओतले आणि मिनिटभर त्याचा वास घेतला. विषबाधा भोगलेल्या माणसाने हे करावे, याला धाडस म्हणणे कठीण आहे. मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलाविली, विक्री थांबली. परंतु जानेवारी १९२६ मध्ये समितीने बंदीला पुरेसे कारण नसल्याचा निर्वाळा दिला आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

पंपावर दिसणारा ऑक्टेनचा आकडा त्याच काळातला. १९२७ च्या सुमारास इथिल कंपनीतील ग्रॅहम एडगर यांनी आयसोऑक्टेनला १०० व हेप्टेनला शून्य गुण देऊन ही मोजपट्टी बसविली. ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकी ठोके सोसण्याची क्षमता. हा आकडा शक्तीचा नव्हे. इंजिनाला गरज नसताना महागडे पेट्रोल भरून फारसे काही साधत नाही.

मिजली पुढे शीतकपाटांच्या वायूकडे वळले. १९३० मध्ये त्यांनी फ्रिऑन श्वासात घेऊन मेणबत्तीवर फुंकला व ती विझवून दाखविली. हाच वर्ग ओझोनच्या थराला घातक असल्याचे १९७४ मध्ये पुढे आले. १९४० मध्ये त्यांना पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या व कप्प्यांचे साधन स्वतःच तयार केले. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्यांचा अंत झाला. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

पृथ्वीचे वय मोजणारे क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये वातावरणातील शिसे माणसानेच वाढविल्याचे दाखवून दिले. शिशामुळे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, मोठ्यांचा रक्तदाब वाढतो. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.

शिसे गेल्यावर ऑक्टेन राखण्यासाठी बेंझिनसारख्या द्रव्यांवर भिस्त वाढली. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून आपल्याकडे त्याचे प्रमाण आता एक टक्क्यापर्यंत मर्यादित आहे. ऑक्टेन वाढविणारा मद्यार्कही इथेनॉल म्हणून परतला आहे. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीतील पंपांवरही तो पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळतो.