एडगर कॉड: डेटाबेसमधल्या नोंदींना ओळख देणारा माणूस

मोबाईलवरून जेवण मागवलं की लगेच ऑर्डर नंबर येतो. हा नंबर बहुतेक वेळा डेटाबेस स्वतःच तयार करतो. मग तो ॲपला कळतो कसा? हे नीट समजायचं तर मला आधी एडगर कॉड यांची गोष्ट सांगावी लागेल.

कॉड यांचा जन्म १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डमध्ये ते गणित आणि रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रॉयल एअर फोर्समध्ये विमानं चालवली. १९४८ मध्ये ते अमेरिकेत आयबीएममध्ये लागले. पण १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला वैतागून कॅनडाला गेले. काही वर्षांनी परतले, १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि मग आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत आले.

त्या काळी माहिती शोधायची तर ती कुठे साठवलीय आणि तिथे कोणत्या वाटेनं जायचं, हे प्रोग्रामरला माहीत असावं लागे. जागा बदलली की प्रोग्राम बंद पडायचा! १९७० मध्ये कॉड यांनी निबंध लिहून वेगळा मार्ग दाखवला: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि प्रत्येक ओळ तिच्या ‘प्रायमरी की’वरून ओळखा. आयबीएमचा आयएमएस नावाचा जुना डेटाबेस तेव्हा जोरात चालत होता, त्यामुळे कंपनीने ही कल्पना बाजारात आणायला बरीच वर्षं लावली. १९७९ मध्ये कॉड यांनी आणखी एक गोष्ट मांडली: ओळख देणारा आकडा सिस्टीमनेच तयार करावा, तो काय असेल हे वापरणाऱ्याने ठरवू नये. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये फ्लोरिडात ते वारले.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. नंबर सिस्टीमने दिला, तर तो विचारायचाही सिस्टीमलाच. नवे प्रोग्रामर अनेकदा टेबलमधला सगळ्यात मोठा आयडी काढतात आणि तोच आपला समजतात. पण तुमची नोंद पडल्यावर क्षणभरात दुसऱ्याचीही पडली तर? तुमची बिर्याणी त्याच्या ऑर्डरला जोडली जाईल! बिर्याणीच्या जागी बँकेचे पैसे असतील तर विचार करा.

योग्य पद्धती सोप्या आहेत. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये इन्सर्टच्या शेवटी ‘रिटर्निंग आयडी’ लिहा, नवा नंबर त्याच उत्तरात मिळतो. मायएसक्यूएलमध्ये ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ हे फंक्शन आहे. ते फक्त तुमच्या कनेक्शनपुरतं बघतं, त्यामुळे दुसऱ्याची नोंद मध्ये येत नाही. मात्र इन्सर्ट झाल्यावर त्याच कनेक्शनवरून लगेच विचारा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘स्कोप आयडेंटिटी’ वापरा. ‘ॲट ॲट आयडेंटिटी’ नको, कारण ट्रिगरने दुसऱ्या टेबलमध्ये नोंद केली तर तिचाच नंबर हातात येऊ शकतो.

थोडक्यात, आयडीचा अंदाज बांधू नका, डेटाबेसला विचारा. नोंद जागेवरून नाही, तिच्या ओळखीवरून शोधायची, हे कॉड यांनी ५० वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.