विश्लेषण : मुलाचे स्मारक घडवायला आईला १८ वर्षे का लागली? कोण होत्या केटे कोलवित्झ?

बेल्जियममधल्या व्लाड्स्लो या छोट्या गावाजवळ ओकच्या झाडांखाली एक जर्मन लष्करी दफनभूमी आहे. इथे उभे क्रूस फारसे दिसत नाहीत. जमिनीलगत सपाट दगड बसवलेले आहेत आणि एकेका दगडावर वीस-वीस नावे कोरली आहेत. पहिल्या महायुद्धात मेलेले २५ हजारांहून अधिक सैनिक इथे पुरले आहेत. मागच्या टोकाला दगडाचे दोन पुतळे गुडघ्यांवर बसलेले दिसतात. एक पुरुष, एक बाई. हातात तलवार नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही, झेंडाही नाही.

हे दोघे म्हणजे ‘शोकाकुल आईवडील’. त्यांना घडवणाऱ्या केटे कोलवित्झ या त्यातल्या आईच आहेत. समोरच्या दगडावर इतर नावांसोबत त्यांच्या मुलाचे, पीटरचे, नाव आहे. जगातल्या युद्धस्मारकांची कुठलीही यादी काढा, हे शिल्प बहुतेक वेळा वरच्या काहींमध्ये असतेच. पण त्यामागे काय घडले होते, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते.

कोण होत्या केटे कोलवित्झ?

जन्म ८ जुलै १८६७, क्योनिग्सबर्ग. तेव्हा हे शहर प्रशियात होते, आज ते रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. आजोबा युलियस रूप हे धर्मोपदेशक. सरकारी चर्चशी पटले नाही म्हणून त्यांना बाहेर काढले गेले आणि त्यांनी स्वतःची स्वतंत्र मंडळी उभी केली. वडील कार्ल श्मिट कायदा शिकलेले, पण त्या राजवटीत सरकारी नोकरी करणे मनाला पटेना, म्हणून ते गवंडीकाम शिकले आणि घरे बांधू लागले. मुलीच्या हातात चित्रकला आहे हे वडिलांनीच आधी ओळखले. कला अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी तिला बर्लिन आणि म्युनिकच्या महिला कलाशाळांमध्ये पाठवले.

१८९१ मध्ये केटे यांचे लग्न डॉ. कार्ल कोलवित्झ यांच्याशी झाले. कार्ल बर्लिनच्या प्रेंझलाउअर बेर्ग या कामगार वस्तीत आरोग्य विम्याचे डॉक्टर होते. आपल्याकडच्या ईएसआयच्या डॉक्टरसारखे म्हणा. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत. त्यामुळे आजारी, गरोदर, मारहाण झालेल्या, काम सुटलेल्या बायका रोज केटे यांच्या दारात दिसत. पुढची पन्नास वर्षे त्या याच पत्त्यावर राहिल्या. त्यांच्या चित्रांमधले चेहरे कुठून आले, याचे निम्मे उत्तर या पत्त्यातच आहे.

कैसरने पदक का अडवले?

विणकरांच्या उठावावर त्यांनी सहा चित्रांची मालिका केली. ती १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी सुवर्णपदकाची शिफारस केली, पण सम्राट दुसरा विल्हेल्म याने मंजुरी दिली नाही. विषय कामगारांच्या बंडाचा आणि कलाकार बाई, दोन्ही गोष्टी दरबाराला पचण्यासारख्या नव्हत्या. पदक गेले, पण नाव सगळ्या जर्मनीत झाले. त्यानंतर शेतकऱ्यांच्या युद्धावरची मालिका आली. पॅरिसला जाऊन त्या रोदांच्या स्टुडिओत गेल्या आणि हळूहळू शिल्पकलेकडे वळल्या.

इथे १९०३ सालचे एक चित्र लक्षात ठेवायला हवे. मेलेल्या मुलाला छातीशी घट्ट धरून बसलेली आई, असा त्याचा विषय. मॉडेल ठेवायला वेगळे कोण आणणार? केटे स्वतः आरशासमोर बसल्या आणि मांडीवर घेतले सात वर्षांच्या पीटरला. अकरा वर्षांनी काय होणार आहे, याची कल्पना असण्याचे काही कारणच नव्हते. तरी आज ते चित्र मोबाइलच्या स्क्रीनवर मोठे करून पाहिले की आपण घाईघाईने पुढे सरकतो.

१९१४ मध्ये नेमके काय घडले?

ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा पीटर १८ वर्षांचा होता आणि मित्रांसोबत नॉर्वेत फिरायला गेला होता. तो परत आला आणि सैन्यात स्वेच्छेने जायचे म्हणू लागला. तेव्हाच्या जर्मन कायद्यानुसार २१ वर्षांखालच्या मुलाला त्यासाठी वडिलांची संमती लागत असे. कार्ल यांनी साफ नकार दिला. देशाला अजून तुझी गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पीटरने आईकडे पाहिले. केटे उठल्या आणि त्यांनी नवऱ्याची समजूत घातली. कार्ल यांनी संमती दिली.

हा प्रसंग केटे यांच्याच रोजनिशीमुळे आपल्याला कळतो. त्यांनी तो लपवला नाही. त्या काळी सगळे शहर भारावलेले होते, शिकलेली, डाव्या विचारांची माणसेसुद्धा त्यात वाहून गेली होती. केटे यांनाही वाटले की मुलाच्या त्यागाच्या इच्छेआड आपण येऊ नये.

पीटर ऑक्टोबरच्या मध्यावर आघाडीकडे निघाला. २२ ऑक्टोबरच्या रात्री फ्लँडर्समध्ये डिक्समाउडेजवळ तो मारला गेला. म्हणजे आघाडीवर पोहोचून जेमतेम काही दिवस. बातमी घरी आली ३० ऑक्टोबरला.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. तिथून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला, फ्रान्समधल्या न्यू शापेल गावात २८ ऑक्टोबर १९१४ रोजी जर्मनांवर हल्ला झाला. त्यात ४७ वी शीख पलटण आणि आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. सॅपर म्हणजे पूल, खंदक बांधणारे जवान. त्यांना पायदळासारखे घराघरांत घुसून लढावे लागले आणि प्रचंड हानी झाली. न्यू शापेलला आज भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. उंच स्तंभ, दोन वाघ आणि कबरी न सापडलेल्या ४,७०० हून अधिक जणांची नावे. ते साम्राज्याने आपल्या सैनिकांसाठी बांधले, त्यामुळे त्यात दिमाख आहे. केटे यांचे स्मारक एका घराने बांधले. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच दिसतो.

मग १८ वर्षे का लागली?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केटे यांनी स्मारक करायचे ठरवले. पहिला आराखडा असा होता : पीटर आडवा पहुडलेला, वडील डोक्याशी, आई पायाशी. फक्त पीटरचे नव्हे, स्वेच्छेने गेलेल्या सगळ्या मुलांचे ते स्मारक असणार होते. म्हणजे सुरुवातीला त्यात बलिदानाचा गौरव होता.

काम पुढे सरकेना. माती थापायची, पुन्हा मोडायची, असे वर्षानुवर्षे चालले. तंत्र कमी पडत होते का? काही अंशी हो, शिल्पकला त्या पंचविशीत नाही, चाळिशीच्या उंबरठ्यावर शिकल्या होत्या. पण खरी अडचण वेगळी होती असे मला वाटते. गौरव करायचा तर मुलांचे मरण सार्थकी लागले असे मानावे लागते. आणि युद्ध जसजसे लांबले, तसतसा केटे यांचा त्यावरचा विश्वास उडत गेला. पण ते मरण व्यर्थ होते असे म्हणावे, तर आपण त्या दिवशी नवऱ्याची समजूत का घातली, हा प्रश्न समोर येतो.

ऑक्टोबर १९१८ मध्ये, जर्मनी हरत असताना, कवी रिशार्ड डेमेल यांनी आणखी स्वयंसेवकांनी लढायला यावे असे आवाहन केले. केटे यांनी त्याला वृत्तपत्रातून जाहीर उत्तर दिले. पुरेशी माणसे मेली, आता एकही नको, असा त्याचा सूर होता. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, त्यांनी स्मारकाचा पहिला आराखडा सोडून दिला. त्याच वर्षी प्रशियाच्या कला अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. सदस्य म्हणून निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. मधल्या काळात युद्धावरची सात काष्ठचित्रे आणि १९२४ चे प्रसिद्ध युद्धविरोधी पोस्टर झाले. हात वर केलेला तरुण असलेले ते पोस्टर आजही मोर्चांमध्ये दिसते.

स्मारकाकडे त्या पुन्हा वळल्या, तेव्हा मुलगा शिल्पातून नाहीसा झाला होता. उरले फक्त आई आणि वडील. १९२६ मध्ये दोघे नवराबायको बेल्जियमला रोगेवेल्डेच्या दफनभूमीत गेले, कबर पाहिली, जागा पाहिली. मग केटे यांनी दोन वेगळ्या आकृत्या घडवल्या. वडिलांना कार्लचा चेहरा, आईला स्वतःचा.

शिल्पात पाहायचे काय?

वडील ताठ बसले आहेत. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःलाच घट्ट आवळून धरले आहे, जणू सोडले तर माणूस कोसळेल. आई मात्र पुढे वाकलेली, मान खाली. दोघांचे चौथरे वेगळे आहेत आणि मध्ये मोकळी जागा आहे. ते एकमेकांना धरत नाहीत, एकमेकांकडे पाहतही नाहीत. मूल गेलेल्या घरात दोन माणसे कशी वेगवेगळी दुःख करतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना त्या जागेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट, गुडघे. स्मारकातले पुतळे साधारणपणे उभे असतात, घोड्यावर असतात. इथे आईवडील गुडघे टेकून आहेत. देवापुढे, की मुलांपुढे? अनेक अभ्यासक त्यात क्षमायाचना पाहतात. त्या पिढीच्या आईवडिलांनी आपल्याच मुलांना पाठवले होते, हे लक्षात घेतले तर ते पटते.

केटे यांनी प्लास्टरचे नमुने केले. दगडातले काम पाथरवटांनी केले, बेल्जियन ग्रॅनाइटमध्ये. जुलै १९३२ मध्ये पुतळे रोगेवेल्डेला बसवले गेले, तेव्हा केटे आणि कार्ल हजर होते. पुढे विखुरलेल्या जर्मन कबरी एकत्र करण्यात आल्या आणि १९५० च्या दशकात पीटरचे अवशेष आणि पुतळे दोन्ही व्लाड्स्लोला हलवले गेले.

नाझींनी काय केले?

स्मारक उभे राहून सात महिने झाले नाहीत तोच अकादमीतून केटे यांना बाहेर पडावे लागले. हिटलरविरोधात डाव्या पक्षांनी एकत्र यावे या आवाहनावर त्यांची सही होती. १९३६ मध्ये गेस्टापोची माणसे घरी आली आणि छळछावणीत टाकण्याची धमकी देऊन गेली. वेळ आलीच तर दोघांनी जीवन संपवायचे, असे या वृद्ध जोडप्याने ठरवले होते. केटे यांची जगभर ओळख होती म्हणून बहुधा अटक टळली. प्रदर्शने मात्र बंद झाली.

१९४० मध्ये कार्ल गेले. १९४२ मध्ये मोठा मुलगा हान्स याचा मुलगा रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचे नाव काकावरून ठेवलेले होते : पीटर. १९४३ मध्ये बर्लिनचे घर बॉम्बहल्ल्यात जळाले, त्यात बरेच काम नष्ट झाले. शेवटचे महिने त्यांनी ड्रेस्डेनजवळ मोरित्झबुर्ग इथे काढले. २२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. युरोपातले युद्ध संपायला १६ दिवस बाकी होते.

मग वाद कशावरून?

जर्मनी एक झाल्यावर १९९३ मध्ये चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या नोए वाखे या इमारतीत राष्ट्रीय स्मारक झाले. त्यासाठी केटे यांचे मांडीवर मेलेला मुलगा घेतलेल्या आईचे शिल्प निवडले गेले. मूळ शिल्प जेमतेम ३८ सेंटिमीटर उंच. शिल्पकार हाराल्ड हाके यांनी ते माणसाएवढे मोठे केले. छताला गोल भोक आहे, त्यातून पाऊस, बर्फ थेट त्या आईवर पडतो.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. घरात ठेवण्याएवढे शिल्प फुगवणे अनेकांना खटकले. त्याहून गंभीर आक्षेप म्हणजे, युद्ध आणि जुलमाचे सगळे बळी असे म्हटल्यावर छळछावणीत मेलेला ज्यू आणि त्याला मारणारा सैनिक एकाच रांगेत येतात. शिवाय येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची आठवण देणारी रचना ज्यूंचे स्मारक कशी होईल? अखेर दाराशी एक फलक लावून कोणकोणत्या गटांचे बळी गेले ते वेगवेगळे लिहिण्यात आले. हा आक्षेप मला योग्य वाटतो, पण तो शिल्पावर नाही, ते कशासाठी वापरले यावर आहे.

बर्लिनमध्ये त्यांचा स्वतःचा पुतळा आहे का?

आहे. जुन्या घराजवळच्या चौकाला दुसऱ्या महायुद्धानंतर कोलवित्झप्लात्झ हे नाव दिले गेले. तिथल्या बागेत गुस्टाव झाइट्झ यांनी केलेला म्हाताऱ्या केटे यांचा बसलेला ब्राँझ पुतळा आहे. उंच चौथरा नाही, कुंपणही नाही. शेजारीच खेळायची जागा असल्यामुळे मुले पुतळ्याच्या मांडीवर चढून बसतात, आणि त्यांना कुणी खाली उतरवत नाही.