गवळणींचं बोलणं मनावर घेणारा डॉक्टर : एडवर्ड जेन्नर

मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या पारावर बसलेल्या आजोबांचा दंड बघा, नाहीतर डोंबिवलीच्या जुन्या चाळीतल्या आजींचा. रुपयाएवढा, खोलगट, सुरकुतलेला गोल वण हमखास दिसेल. तो देवी काढल्याचा वण. तिशीतल्या मुलाच्या हातावर तो नसतो. त्याच्या डाव्या दंडावरची बारीक खूण क्षयावरच्या बीसीजी लसीची. आजोबांचा वण नातवाला का नाही, याचं उत्तर शोधत मागे गेलं की आपण इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या डॉक्टरपर्यंत पोचतो. त्याचं नाव एडवर्ड जेन्नर.

आजच्या पिढीने देवी पाहिलेली नाही, म्हणून आधी थोडं तिच्याविषयी. देवी आणि कांजण्या हे दोन वेगळे रोग. कांजण्यांचा विषाणू नागिणीच्या कुळातला, तर देवीचा विषाणू पॉक्स कुळातला. घरात देवी आल्या की दारात कडुनिंबाचा पाला लागायचा, फोडणी बंद व्हायची, पाहुण्यांना मनाई असायची. तरीही मोठ्या देवीत साधारण दहातली तीन माणसं जायची. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर खड्डे राहायचे, कित्येकांची दृष्टी जायची.

तबेल्यात डांबलेला मुलगा

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ चा, ग्लॉस्टरशायरमधल्या बर्कले गावचा. वडील तिथले धर्मगुरू. एडवर्ड पाच वर्षांचा असताना आई-वडील दोघंही गेले आणि मोठ्या भावाने त्याला वाढवलं. आठव्या वर्षी त्याला देवी टोचल्या. त्या काळची रीत अशी, की देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचायचा, म्हणजे देवी येतील पण सौम्य येतील. आपल्याकडे बंगालात टीकादार हेच काम करायचे. बहुतेक जण यातून वाचत, काही दगावत, आणि टोचलेल्या माणसापासून दुसऱ्यांना खरा रोग लागायचा. छोट्या एडवर्डला आधी उपाशी ठेवलं, रक्त काढून अशक्त केलं आणि मग टोचून इतर मुलांबरोबर तबेल्यात ठेवलं. तो वाचला, पण ते दिवस आयुष्यभर विसरला नाही.

पुढे गावाजवळच्या एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी झाली. एकविसाव्या वर्षी लंडनला जाऊन त्यांनी जॉन हंटर या नामवंत शल्यचिकित्सकाकडे शिक्षण घेतलं. लंडनमध्ये राहिले असते तर नाव-पैसा दोन्ही मिळालं असतं. ते मात्र बर्कलेला परतले आणि घोड्यावरून खेडोपाडी फिरत रोगी तपासू लागले. निसर्गाचं वेड होतंच. तिकडचा कुक्कू पक्षी आपल्या कोकिळेसारखाच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. त्याचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू घरमालकाची अंडी पाठीने बाहेर ढकलतं, हे जेन्नर यांनी टिपलं. रॉयल सोसायटीचं सदस्यत्व त्यांना मिळालं ते या अभ्यासामुळे, लसीमुळे नव्हे.

गोठ्यातलं ज्ञान

त्या मुलखात दूध काढणाऱ्या बायकांमध्ये एक समज होता. गाईच्या सडांवर फोड येतात, ते दूध काढणारीच्या हाताला लागतात, चार दिवस हात दुखतो, पण त्या बाईला पुढे देवी येत नाहीत. शिकलेले डॉक्टर याला गावगप्पा समजायचे. काही शेतकऱ्यांनी मात्र ते मनावर घेतलं होतं. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने १७७४ मध्येच आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातला द्रव टोचला होता. तेव्हा या गोष्टीचा पहिला मान जेन्नर यांचा नाही. त्यांनी केलं ते असं, की हे बोलणं खरं का खोटं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि मग ते तपासून पाहिलं.

१४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. थोडा ताप आला, मुलगा बरा झाला. १ जुलैला त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचला. देवी आल्या नाहीत. जेम्स हा जेन्नर यांच्या बागेत राबणाऱ्या मजुराचा मुलगा. अंदाज चुकला असता तर गरिबाचं पोर गेलं असतं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. पुढे जेन्नर यांनी जेम्सला राहायला घर दिलं हे खरं, पण त्या मुलाने नकळत उचललेली जोखीम त्यामुळे लहान होत नाही.

रॉयल सोसायटीने त्यांचा लेख परत केला. मग १७९८ मध्ये तेवीस जणांच्या नोंदी देऊन त्यांनी स्वतःच पुस्तक छापलं. लॅटिनमध्ये गाईला वाक्का म्हणतात, त्यावरून व्हॅक्सिन शब्द आला. आपल्या लस शब्दाचा मूळ अर्थही फोडातून झिरपणारं पाणी असाच. जेन्नर यांच्यावर टीका झाली, गाईची लस टोचलेल्यांना शिंगं फुटल्याची व्यंगचित्रंही निघाली. ते मात्र आपल्या बागेतल्या झोपडीत गोरगरिबांना फुकट लस टोचत राहिले.

मुंबईच्या मुलीच्या दंडावरून

लस आपल्याकडे आणणं सोपं नव्हतं. जहाजाच्या लांबच्या प्रवासात ती निकामी व्हायची. शेवटी व्हिएन्नाहून ती बगदादला पोचली, तिथून माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर करत बसऱ्याला आणि मग जहाजाने मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस लागू पडली. तिच्या दंडावरच्या फोडातूनच पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा लसीचा प्रवास झाला. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याहून जेन्नर यांच्यासाठी वर्गणी गोळा होऊन इंग्लंडला गेली.

त्यांची शेवटची वर्षं दुःखात गेली. थोरला मुलगा आणि पाठोपाठ पत्नी क्षयाने गेली. २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर वारले. अंत्यसंस्काराला जेम्स फिप्स हजर होता.

काम संपायला पुढे दीडशे वर्षं लागली. मुंबई इलाख्यात गावोगाव लस टोचणारे फिरू लागले, नंतर वासरांवर लस तयार होऊ लागली, १८९२ मध्ये जिल्ह्यांसाठी लसटोचणीचा कायदा झाला. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मधला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. नातवाच्या दंडावर वण नाही तो यामुळे.

आपल्या तबेल्यांसाठी

पण पॉक्सचं कुळ संपलेलं नाही. एमपॉक्स त्यातलाच. जुन्या लसीमुळे त्याच्यापासूनही काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणजे वण नसलेल्यांना तेवढंही नाही. २०२२ मध्ये आपल्या जनावरांना छळणारा लंपी याच कुळातला, पण तो माणसाला होत नाही. म्हशींची देवी मात्र माणसाला लागते. महाराष्ट्रात १९८५ ते १९८७ मध्ये तिच्या साथी आल्या होत्या आणि तिचा विषाणू देवीच्या लसीतल्या विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे. ज्याच्या नावातच दूध आहे त्या कल्याणच्या दूध नाक्यापासून भिवंडी-मुरबाडच्या गोठ्यांपर्यंत, हाताने धार काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

म्हशीच्या सडांवर किंवा कासेवर फोड दिसले तर तिची धार सगळ्यांत शेवटी काढा, हात साबणाने धुवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. स्वतःच्या हातावर फोड आले तर हळद लावून बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि आपण म्हशींत काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्टरांनीही ते ऐकून घ्यावं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने गोठ्यातल्या बायकांचं ऐकलं, म्हणून तर आज आपल्या घरात देवी येत नाहीत.