मिठाईच्या कारखान्यातून रणगाड्यापर्यंत

१९४० च्या मार्च महिन्यात युक्रेनमधील खारकोव्ह शहरातून दोन नवे रणगाडे मॉस्कोच्या दिशेने निघाले. अंतर सुमारे साडेसातशे किलोमीटर. मालगाडीवर लादून नव्हे, तर स्वतःच्या साखळीपट्ट्यांवर, गावे आणि मोठे रस्ते टाळत, बर्फाने भरलेल्या रानावनांतून. यंत्र गुप्त होते आणि ठरवून दिलेल्या अंतराच्या चाचण्याही अद्याप पुऱ्या व्हावयाच्या होत्या. ताफ्याबरोबर एक्केचाळीस वर्षांचा एक अभियंता होता. त्याने येण्याची आवश्यकता नव्हती, तरीही तो आला. त्याचे नाव मिखाइल इल्यीच कोश्किन. दुसऱ्या महायुद्धातील सर्वांत प्रसिद्ध रणगाड्याचा, ‘टी-३४’चा, हा मुख्य रचनाकार. रणगाड्यात ऊब मिळण्याची सोय नव्हती. ती का नव्हती, हा प्रश्न पुढे कोश्किन यांच्या नावाला कायमचा चिकटला.

कोश्किन यांचा जन्म ३ डिसेंबर १८९८ रोजी यारोस्लाव्हल प्रांतातील ब्रिंचागी या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १९०५ मध्ये वडील वारले आणि काही वर्षांतच पोर पोटासाठी मॉस्कोला गेला. काम मिळाले ते मिठाईच्या कारखान्यात. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले, १९१७ मध्ये जखमी झाले आणि क्रांतीनंतर लाल सैन्यात दाखल होऊन यादवी युद्धात लढले. पुढे पक्षाच्या विद्यापीठात शिक्षण, मग व्याटका येथे पुन्हा मिठाईचाच कारखाना, या वेळी व्यवस्थापक म्हणून. पक्षकार्यकर्ता म्हणून पुढचे आयुष्य खुर्चीवर सुखाने गेले असते. मात्र तिशी ओलांडताना त्यांनी लेनिनग्राडच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि १९३४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, अभियंता होऊन बाहेर पडले. दोनच वर्षांनी रणगाड्यांवरील कामासाठी त्यांना ‘रेड स्टार’ सन्मान मिळाला.

१९३६ च्या अखेरीस त्यांची खारकोव्हच्या कारखान्यात रणगाडा विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. ही बढती होती, पण खुर्ची निखाऱ्यांची होती. ‘बीटी-७’ या वेगवान रणगाड्याच्या गिअरबॉक्समध्ये वारंवार बिघाड होत होते आणि त्या काळात यंत्राचा बिघाड हा घातपात ठरत असे. आधीचे प्रमुख अफानासी फिर्सोव्ह यांना पदावरून दूर करण्यात आले होते. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि ते परतले नाहीत. टी-३४ ला ज्या व्ही-२ डिझेल इंजिनाने बळ दिले, त्याच्या घडणीतील प्रमुख अभियंता कॉन्स्टन्टिन चेल्पान यांना १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. टी-३४ हे एकट्या कोश्किन यांचे अपत्य, असे सांगताना ही नावे गळतात. अलेक्झांडर मोरोझोव्ह आणि निकोलाय कुचेरेन्को हे सहकारीही त्यात होतेच.

लष्कराची मागणी चाकांवर आणि पट्ट्यांवर, दोन्हींवर धावणाऱ्या रणगाड्याची होती. तसा ‘ए-२०’ हा नमुना तयारही झाला. कोश्किन यांचा कल मात्र फक्त पट्ट्यांवर चालणाऱ्या ‘ए-३२’ कडे होता. चाके फिरविणारी किचकट यंत्रणा वगळली की वजन वाचते आणि ते चिलखताला देता येते, हा सरळ हिशेब. नकाराचा अर्थ काय होऊ शकतो हे ठाऊक असतानाही त्यांनी तो लावून धरला. १९३९ च्या चाचण्यांत तो खरा ठरला. चिलखत ४५ मिलिमीटरपर्यंत जाड करण्यात आले आणि १९ डिसेंबर १९३९ रोजी टी-३४ स्वीकारण्याचा निर्णय झाला.

या रणगाड्याविषयी दोन समज हटता हटत नाहीत. पहिला, तो अमेरिकन रणगाड्याची नक्कल होता. वॉल्टर ख्रिस्ती या अमेरिकन अभियंत्याकडून सोव्हिएत सरकारने दोन रणगाडे घेतले होते आणि त्यांचे सस्पेन्शन बीटी मालिकेतून टी-३४ पर्यंत आले, एवढे खरे. मात्र चिलखत, तोफ, डिझेल इंजिन यांपैकी काही ख्रिस्तीचे नव्हते. तिरप्या चिलखताचा शोधही खारकोव्हचा नव्हे, फ्रान्सच्या ‘एफसीएम-३६’ लाही ते होते.

दुसरा समज अधिक टोचणारा आहे: सोव्हिएत रचनाकारांना आतल्या माणसाची फिकीरच नव्हती. रणगाड्यात डोकावले तर तो सहज पटतो. ख्रिस्ती पद्धतीच्या लांब स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी आतली जागा खात. तिरप्या भिंतींनी उरलेली जागा आणखी आक्रसली. तोफेच्या फिरत्या बुरुजात दोनच माणसे मावत. त्यांपैकी कमांडरनेच शत्रू शोधायचा, हुकूम द्यायचे, नेम धरायचा आणि तोफही डागायची. माथ्यावरचे एकमेव मोठे झाकण पुढे उघडे, म्हणजे डोके बाहेर काढले तरी समोर पोलादच. ७७ तोफगोळ्यांपैकी नऊच हाताशी, बाकीचे जमिनीवरील पेट्यांत. गोळे भरणारा सैनिक त्या पेट्यांवरच उभा राही आणि लढाई रंगली की पायांखालची जमीनच उपसून काढी! चालकापुढचा गिअरचा दांडा इतका जड, की शेजारच्या मशीनगनवाल्याला कधी कधी हात द्यावा लागे. प्रतिस्पर्धी जर्मन ‘पँझर-३’ मध्ये पाच माणसे होती आणि त्यांतील तीन बुरुजात. १९४२ मध्ये अमेरिकेत टी-३४ ची चाचणी झाली, तेव्हा तज्ज्ञांनी आकाराची आणि तोफेच्या दुर्बिणीची तारीफ केली. हवेची गाळणी, गिअरबॉक्स आणि अरुंद बुरूज यांवर मात्र कडक ताशेरे ओढले. रणगाड्यांसाठी ठेंगणी माणसे निवडत ही कथा मात्र टी-३४ पेक्षा खूप नंतरच्या टी-७२ ला अधिक लागू पडते, जो भारतीय लष्करात ‘अजेय’ नावाने आला.

मग बेफिकिरी खरी मानायची का? कागदपत्रांतून दिसते ते निराळे आहे. १९४० मध्येच लष्कराने अरुंद जागा आणि अपुरी दृष्टी यांबद्दल तक्रार केली. खारकोव्हमध्ये ‘टी-३४ एम’ या सुधारित रणगाड्याचे आराखडे तयार झाले. त्यात जागा खाणाऱ्या स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार, तीन माणसांचा बुरूज आणि कमांडरला चहूकडे पाहण्यासाठी वेगळी घुमटी होती. दोष ठाऊक होते आणि त्यांवरील उपायही ठाऊक होता.

कोश्किन यांना त्यातले काही पाहता आले नाही. १७ मार्च १९४० रोजी क्रेमलिनमध्ये स्टालिन यांच्यापुढे दोन्ही रणगाडे धावले, तेव्हा त्यांना खोकला आवरत नव्हता. महिनाअखेरीस उत्पादनाचा आदेश निघाला. परतीच्या वाटेवर तरी आगगाडीने जावे, हा सल्ला त्यांनी मानला नाही, असे सांगितले जाते. खारकोव्हला पोचल्यावर न्युमोनियाने अंथरूण धरले. एक फुप्फुस काढावे लागले. २६ सप्टेंबर १९४० रोजी, शहराबाहेरच्या आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि तीन मुली होत्या. त्या वर्षी टी-३४ जेमतेम शंभराच्या थोडे वर तयार झाले होते. एकूण आकडा पुढे ८० हजारांच्या पलीकडे गेला.

२०१८ च्या ‘टँकी’ या रशियन चित्रपटात त्या मार्चच्या प्रवासात जर्मन घातपाती दाखविले आहेत. प्रत्यक्षात शत्रू होता तो थंडी आणि थकवा. इतिहासाला तेवढा मसाला पुरेसा वाटत नाही, हे त्याचे दुर्दैव.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने आक्रमण केले आणि ‘टी-३४ एम’ बासनात गेला. नवी रचना आखत बसायला वेळ नव्हता, हवे होते ते रणगाडे, आणि तेही हजारोंनी. शरद ऋतूत खारकोव्हचा कारखाना उरल पर्वतापलीकडील निझ्नी तागिल येथे हलवावा लागला. तेथे मोरोझोव्ह यांनी जुनाच आराखडा अधिक स्वस्त आणि सोपा केला. चाळीस हजारांहून अधिक टी-३४ युद्धात नष्ट झाले. कमांडरच्या डोक्यावर घुमटी आली ती १९४३ मध्ये. तीन माणसांचा प्रशस्त बुरूज आणि पाचवा सैनिक १९४४ च्या प्रारंभी ‘टी-३४-८५’ बरोबर आला. कोश्किन यांना १९४२ मध्ये मरणोत्तर स्टालिन पारितोषिक मिळाले, तर ‘समाजवादी श्रमवीर’ हा सन्मान मिळायला १९९० साल उजाडले. तेव्हा सोव्हिएत युनियनचेच दिवस भरत आले होते.