म्हैसूरची दिवेवाली आणि सावंतवाडीचा विद्यार्थी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांची सहल म्हैसूरला गेली की जगनमोहन पॅलेसचं कलादालन बघणं ठरलेलं. तिथं हातात दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रापुढे गर्दी असते. दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलाय आणि ज्योतीवर आडवा धरलेला हात आतून लालसर दिसतोय. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतो की हे राजा रविवर्म्याचं. ते त्याचं नाही. रविवर्मा 1906 साली गेला आणि हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं आहे. काढणारा आपल्या शेजारचा, सावंतवाडीचा. त्यांचं नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

बेळगावहून चंदगडमार्गे आंबोली घाट उतरला की सावंतवाडी येते. लाकडी खेळणी आणि हातानं रंगवलेल्या गंजिफांचं हे गाव. 25 नोव्हेंबर 1882 रोजी हळदणकरांचा जन्म इथलाच. पोरगं चांगलं चित्र काढतं हे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. पण ते नुसती पाठ थोपटून थांबले नाहीत. त्यांनी खटपट केली, सावंतवाडी संस्थानच्या राजांकडून मदत मिळाली आणि 1903 मध्ये हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथं सेसिल बर्न्स आणि महादेव धुरंधर यांच्या हाताखाली शिकले. धुरंधरांचं शालेय शिक्षणही कोल्हापुरात झालेलं, म्हणजे तेही आपल्याच भागातले म्हणायचे.

मुख्याध्यापकांचं लक्ष गेलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करावासा वाटतो. आमच्या वेळी चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा उरकायची वेळ. वहीत एक आंबा आणि एक सूर्योदय, झालं वर्षाचं काम. आता महाराष्ट्रात इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे काही पालक तेवढ्यापुरते का होईना रंगपेटी विकत घेतात. तेही नसे थोडके.

शिक्षण झाल्यावर हळदणकरांनी 1908 मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली, हळदणकर्स फाईन आर्ट इन्स्टिट्यूट. स्वतः चित्रं काढायची आणि मुलांनाही शिकवायचं, ही दोन्ही कामं त्यांनी पुढं अनेक वर्षं केली. 1918 साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांतही ते होते. माणसांची चित्रं, निसर्गदृश्यं, तैलरंग, जलरंग सगळं त्यांना जमायचं, पण नाव झालं ते जलरंगात.

जलरंग शाळेत सगळ्यांनीच हाताळलेला असतो, म्हणून तो सोपा वाटतो. खरं तर उलट आहे. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. जलरंगात कागदच उजेड असतो. जिथं प्रकाश हवा तिथं कागद कोरा राखायचा, आणि एकदा रंग ओघळला की तो जागेवर सांभाळायचा. मागं घेता येत नाही. म्हैसूरचं दिव्याचं चित्र जलरंगातलं आहे, हे कळल्यावर ते पुन्हा बघावंसं वाटतं. भोवतीचा सगळा अंधार रंगानं भरलाय, आणि तो भरताना ज्योत व बोटं यांच्यापुरता उजेड वाचवलाय.

चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. दिवाळीच्या दिवसांत तिला हातात दिवा घेतलेली पाहून वडलांना चित्र सुचलं असं सांगतात. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि 2018 मध्ये वयाच्या 102 व्या वर्षी तिथंच गेल्या. हळदणकर त्याआधी पन्नास वर्षं, 30 मे 1968 रोजी वारले होते.

म्हणजे चित्रकार सावंतवाडीचे, चित्रातली बाई कोल्हापूरकर आणि चित्र कर्नाटकात. पुढच्या सहलीला मुलांना घेऊन जाणाऱ्या सरांनी त्या चित्रापुढे हळदणकरांचं नाव तेवढं सांगावं.