बारा वर्षांच्या निरक्षर गोपाळाचा शब्दकोश

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड म्हणून त्याने कारभार हाती घेतला. राजघराणे मराठी, बहुसंख्य रयत गुजराती आणि नव्या कायद्यांच्या संज्ञा इंग्रजी! हुकूमच कळला नाही, तर रयतेने दाद मागावी कशी? १९०६ मध्ये महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. त्यात कारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द दिले होते. एरवी पंडितांचे मानले जाणारे हे किचकट काम इथे संस्थानानेच अंगावर घेतले. १९३९ मध्ये मुंबईत महाराजांचे निधन झाले.