जॉन टिंडल : पाण्याच्या धारेत प्रकाश वळवणारा शिक्षक

आमच्या वसईत आता गल्लोगल्ली फायबरची केबल आली आहे. वायर वळते तिथे आतला प्रकाश बाहेर का पडत नाही, असं चौथीतल्या एका मुलाने विचारलं. उत्तर शोधताना मला जॉन टिंडल भेटले.

त्यांचा जन्म १८२० साली आयर्लंडमध्ये झाला. वडील पोलिसात. गणित चांगलं म्हणून त्यांना सरकारी जमीन मोजणीत नोकरी मिळाली. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध आवाज उठवला आणि १८४३ मध्ये नोकरी गेली! मग काही काळ रेल्वेसाठी मोजणी केली. १८४७ मध्ये ते इंग्लंडमधल्या एका शाळेत शिक्षक झाले. पण शिकवता शिकवता आपणच आणखी शिकायला हवं असं वाटलं, आणि पुढच्याच वर्षी साठवलेल्या पैशांवर ते जर्मनीला गेले. डॉक्टरेट घेऊन परतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

१८५४ मध्ये त्यांनी व्याख्यानात एक प्रयोग दाखवला. भांड्याच्या भोकातून पाण्याची धार सोडली, तिच्यात प्रकाश टाकला. धार वाकली तसा प्रकाशही वाकत गेला! धारेच्या कडेवर खूप तिरका पडलेला प्रकाश हवेत न जाता पुन्हा पाण्यातच परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन.

पण एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. असा प्रयोग जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडन यांनी १८४१ मध्येच केला होता, तोही वर्गातल्या सगळ्यांना पाण्याची धार नीट दिसावी म्हणून. पुढे अनेक वर्षं श्रेय मात्र टिंडल यांनाच मिळत राहिलं. आपण दोन्ही नावं सांगू या.

आज पाण्याच्या जागी सिलिकाचा, म्हणजे शुद्ध काचेचा, केसासारखा धागा आहे. संशोधक तर सिलिकाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत रंगद्रव्याचे रेणू बसवतात. बाहेरून दिलेल्या प्रकाशातून हे रेणू ऊर्जा घेतात आणि तिथून जाणाऱ्या प्रकाशाला ती देऊन त्याचा जोर वाढवतात.

अमेरिकेतल्या व्याख्यानांतून उरलेले पैसे टिंडल यांनी तिथल्याच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवले. १८९३ मध्ये औषधाची मात्रा चुकून जास्त झाल्याने त्यांचं निधन झालं.

पालकहो, पाण्याच्या बाटलीला बाजूला एक भोक पाडा, समोरच्या बाजूने टॉर्च धरा, खोलीत अंधार करा. धारेखाली हात धरून बघा, तळव्यावर उजेड पडतो. तो बघताना मुलांचे चेहरे मात्र चुकवू नका!